भरतीच्या रेषेपासून किती लांब?

गुहागरात किंवा दापोलीजवळच्या मुरूडात मुख्य रस्त्याने चालताना समुद्र दिसत नाही, नुसती गाज ऐकू येते. रस्त्याला लागून घराची ओटी, घरामागे विहीर, मग नारळी-पोफळीची वाडी, वाडीच्या टोकाला गडगा, त्यापलीकडे केवडा नाहीतर सुरूची झाडं आणि शेवटी पुळण, म्हणजे वाळूचा किनारा. समुद्राकडे पाठ करून बसलेली ही घरं कोणत्याही शासन निर्णयाने मागे सरकलेली नाहीत. खारा वारा, उधाण आणि उडती वाळू यांनीच ते अंतर ठरवलं. पुळणीला खेटून राहिले ते कोळी, गाबीत असे मासेमारी करणारे, कारण होडी नजरेआड ठेवून त्यांचं भागत नाही.

सरकारी अंतर आलं ते बरंच नंतर. नोव्हेंबर 1981 मध्ये इंदिरा गांधींनी किनारी राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून भरतीच्या रेषेपासून 500 मीटर किनारा बांधकामांपासून मोकळा ठेवायला सांगितलं. पत्र ते पत्रच. कायद्याचं बळ मिळालं 1986 च्या पर्यावरण संरक्षण कायद्याने, आणि त्याखाली 19 फेब्रुवारी 1991 ला सीआरझेडची, म्हणजे किनारी नियमन क्षेत्राची, अधिसूचना निघाली.

तिने किनाऱ्याचे वर्ग पाडले आणि कोकणातली बहुतेक गावं तिसऱ्या वर्गात, म्हणजे सीआरझेड-3 मध्ये गेली. पहिले 200 मीटर ना-विकास क्षेत्र, म्हणजे तिथे नवं घर बांधायचं नाही. जुन्या अधिकृत घराची दुरुस्ती करा, पण जोतं वाढवायचं नाही. 200 ते 500 मीटरमध्ये गावठाण आणि वहिवाटीच्या हक्कात बसणारी घरं चालतील, तीही दोन मजली आणि 9 मीटरपर्यंत उंच. मुलांची लग्नं झाली, खोली वाढवायची, तर परवानगी कुणाकडे मागायची, हा प्रश्न किनाऱ्यावरच्या घराघरांत शिरला तो तेव्हापासून. 2011 च्या अधिसूचनेने मच्छीमार आणि इतर पारंपरिक किनारवासीयांच्या घरांसाठी 100 मीटरपलीकडे वाट मोकळी केली. हे उशिरा सुचलेलं शहाणपण म्हणायचं.

18 जानेवारी 2019 च्या अधिसूचनेने मात्र मापच बदललं. 2011 च्या जनगणनेनुसार दर चौरस किलोमीटरला 2161 हून जास्त वस्ती असलेल्या ग्रामीण भागात ना-विकास क्षेत्र 50 मीटरवर आणता येतं. विरळ वस्तीच्या गावांना 200 मीटर कायम. खाडीकाठीही 50 मीटर किंवा खाडीची रुंदी, यातलं जे कमी असेल ते. पुळणीवरच्या तात्पुरत्या पर्यटन सुविधांना तर भरतीच्या रेषेपासून 10 मीटर पुरतात. दाट वस्तीचा भाग म्हणजे धोक्यात जास्त माणसं, मग अंतर तिथेच कमी का, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही.

आणि हे सगळं मोजायचं कुठून? उधाणाचं पाणी जास्तीत जास्त जिथवर चढतं ती भरतीची रेषा. कागदावर ती आखलेली असते. पुळणीचं मात्र तसं नाही. पावसाळ्यात खचते, नंतर पुन्हा भरते, आणि जिथे भरत नाही तिथे सुरूची झाडं मुळं उघडी टाकून आडवी होतात. 2011 मध्ये धूप आणि समुद्राची वाढती पातळी धरून ‘धोका रेषा’ आखायचं ठरलं होतं. 2019 मध्ये ती आपत्ती व्यवस्थापनापुरती उरली, बांधकामाचं अंतर ठरवण्यात तिला जागा नाही.

3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळात दिवेआगर-श्रीवर्धनला वाऱ्याने छपरं आणि पोफळी नेल्या. तेवढा वारा 200 मीटरने अडत नाही, हे खरंच. पण पाण्याचा हिशेब वेगळा, तिथे अंतर कामी येतं. नारळ एकमेकांपासून साडेसात मीटरवर लावतात. म्हणजे 200 मीटर म्हणजे माडांच्या सव्वीस ओळी, आणि 50 मीटर म्हणजे सहा-सात.