तालमीच्या टेपांवर उरलेलं क्लीव्हलँड

पंक, म्हणजे रॉक संगीतातला खडबडीत, बंडखोर प्रकार, नेमकं कधी सुरू झालं, असं विचारलं की बहुतेक जण रेकॉर्डवरची तारीख सांगतात. न्यूयॉर्कच्या रामोन्स या बँडचा पहिला अल्बम एप्रिल 1976 चा, लंडनच्या सेक्स पिस्टल्सचं पहिलं सिंगल, म्हणजे एक-दोन गाण्यांची छोटी रेकॉर्ड, त्याच वर्षीच्या नोव्हेंबरातलं. या हिशोबात अमेरिकेतल्या ओहायो राज्यातलं क्लीव्हलँड कुठेच बसत नाही, कारण तिथे या वाटेवर आधी निघालेल्या तीन बँडच्या नावावर तेव्हा एकही रेकॉर्ड नव्हती. पण 22 डिसेंबर 1974 च्या रात्री तिथल्या ‘व्हायकिंग सलून’ या बारमध्ये हे तिन्ही बँड वाजले: मिरर्स, इलेक्ट्रिक ईल्स आणि रॉकेट फ्रॉम द टूम्ब्स. म्हणजे रामोन्सच्या अल्बमच्या सव्वा वर्ष आधी.

क्लीव्हलँड हे एरी सरोवराच्या काठावरचं पोलादाचं शहर. 1969 च्या जूनमध्ये तिथल्या कायहोगा नदीवरच्या तेलाच्या तवंगाने पेट घेतला होता, आणि 1978 च्या डिसेंबरात शहराला बँकांचं कर्ज फेडता आलं नाही. या बँडच्या गोंगाटाचं मूळ कारखान्यांच्या धुरात शोधायची पद्धत आहे. मला ते अर्धंच खरं वाटतं. धूर पिट्सबर्ग या दुसऱ्या पोलादी शहरातही होता. क्लीव्हलँडच्या या पोरांनी ऐकलं काय, ते पाहायला हवं.

तिथे ‘ला केव्ह’ नावाचा तळघरातला छोटा क्लब होता. 1968 मध्ये न्यूयॉर्कचा व्हेल्व्हेट अंडरग्राउंड हा बँड तिथे वारंवार येऊन वाजवत असे. ऐकायला येणाऱ्यांत जेमी क्लिमेक हा शाळकरी वयाचा मुलगा होता, आणि त्याने ते कार्यक्रम टेप करून ठेवले. पुढे मिरर्स उभा केला तो यानेच. दुसरी शिदोरी 1972 ची. लेनी के या रॉक समीक्षकाने ‘नगेट्स’ या संग्रहात साठच्या दशकातल्या गॅरेज बँडची 27 गाणी एकत्र आणली. घरच्या गॅरेजात तालीम करून, गावापुरतं एखादं सिंगल काढून विरून गेलेले कितीतरी बँड त्यामुळे पुन्हा कानावर आले. ‘पंक रॉक’ हा शब्द लेनी के याने त्या संग्रहाच्या टिपणात वापरला, लंडनमध्ये त्याचा बोलबाला होण्याच्या चार वर्षं आधी.

तीन बँडमध्ये माझं मन सर्वाधिक अडकतं ते इलेक्ट्रिक ईल्समध्ये. जॉन मॉर्टन आणि ब्रायन मॅकमेहन यांच्या दोन गिटारी, डेव्ह ई.चा नाकातला, चिडका आवाज, आणि बासगिटार नाहीच. खालचा आधार काढून घेतल्यामुळे दोन्ही गिटारी एकमेकींवर घासतात आणि गाणं आता कोसळेल, आता कोसळेल असं वाटत राहतं. मंचावर गवत कापायचं यंत्र सुरू करण्यापर्यंत यांची मजल गेली होती. सगळे मिळून जाहीर कार्यक्रम जेमतेम पाच-सहा. 1975 मध्ये तालमी टेपवर घेतल्या गेल्या. तेव्हा ड्रमवर निक नॉक्स होता, जो नंतर क्रॅम्प्स या बँडमधून जगाला माहीत झाला. त्या टेपांतली ‘ॲजिटेटेड’ आणि ‘सायक्लोट्रॉन’ ही दोन गाणी लंडनच्या रफ ट्रेड या रेकॉर्ड कंपनीने सिंगल म्हणून काढली ती 1978 मध्ये. तोवर बँड मोडून तीन वर्षं झाली होती.

रॉकेट फ्रॉम द टूम्ब्सचं नशीब याहून विचित्र. गायक डेव्हिड थॉमस, गिटारवर पीटर लॉफनर आणि चीटा क्रोम. 1975 च्या सुरुवातीला त्यांनी तालमीच्याच जागेत गाणी टेप केली आणि डब्ल्यूएमएमएस या स्थानिक रेडिओ केंद्राने ती ऐकवली. त्याच उन्हाळ्यात बँड फुटला आणि गाण्यांची वाटणी झाली. ‘थर्टी सेकंड्स ओव्हर टोकियो’ थॉमस आणि लॉफनरच्या पेरे उबू या नव्या बँडकडे गेलं, ‘सॉनिक रिड्यूसर’ क्रोमच्या डेड बॉइज या बँडकडे. ही गाणी जगाने ऐकली, वाखाणली, पण ज्या बँडमध्ये ती जन्मली त्याचं नाव फार थोड्यांना ठाऊक होतं. लॉफनर तर जून 1977 मध्ये, वयाच्या 24 व्या वर्षी गेला.

रेकॉर्ड का निघाल्या नाहीत, याचं उत्तर साधं आहे. बारमालकांना लोकांच्या ओळखीची गाणी वाजवणारे बँड हवे होते आणि मोठ्या कंपन्यांचं लक्ष न्यूयॉर्क आणि लॉस एंजेलिसवर होतं. थॉमसने यावर स्वतःपुरता तोडगा काढला. 1975 संपता संपता त्याने ‘हार्थॅन’ हे स्वतःचं लेबल, म्हणजे रेकॉर्ड काढणारी छोटी कंपनी, काढून पेरे उबूचं पहिलं सिंगल छापलं, आणि 1977 मध्ये त्याच लेबलवर मिरर्सचंही काढलं. बाकीचं सगळं टेपांवरच राहिलं. ज्यांनी त्या जपल्या, एकमेकांना नक्कल करून दिल्या, त्यांच्यामुळे आज हे संगीत आपल्यापर्यंत आलं आहे. श्रेयाच्या यादीत वाजवणाऱ्यांइतकंच त्यांचंही नाव असायला हवं.

रॉकेटच्या त्या 1975 च्या टेपांचा अधिकृत अल्बम 2002 मध्ये आला, 27 वर्षांनी. त्यानंतर उरलेले सदस्य पुन्हा एकत्र जमले. लॉफनरच्या जागी गिटार घ्यायला आला न्यूयॉर्कच्या ‘टेलिव्हिजन’ या बँडचा रिचर्ड लॉइड. जुलै 1975 मध्ये याच टेलिव्हिजनला लॉफनरने क्लीव्हलँडला बोलावून घेतलं होतं, आणि त्यांच्या आधी रॉकेट वाजला होता. जुनी गाणी नव्याने ध्वनिमुद्रित होऊन 2004 मध्ये ‘रॉकेट रीडक्स’ या अल्बमवर आली. त्यात लॉफनरचा भाग लॉइडने वाजवला आहे.