आषाढातले लंगोट

आषाढातलं बाळंतपण म्हटलं की कोकणातल्या घराला मोठी चिंता लागते ती बाळोत्यांची. तान्हं बाळ दिवसाला दहा-बारा वेळा ओलं करतं, पागोळ्या थांबायचं नाव घेत नाहीत आणि पडवीतल्या वलणीवर कालचे लंगोट अजून दमटच असतात. गेल्या वर्षी माझ्या भाचीला याच दिवसांत मुलगी झाली. मैत्रिणींनी मुंबईहून कौतुकाने रंगीत कापडी डायपर पाठवले होते. त्यातले जाडजूड होते ते तिसऱ्या दिवशीही वाळेनात आणि त्यांना कुबट वास यायला लागला. शेवटी आईने ट्रंकेतून जुनं धोतर काढून फाडलं, आणि घर त्या तुकड्यांवर चाललं.

ओलं कापड वाळतं म्हणजे नेमकं काय होतं? कापडाला लागून असलेल्या हवेच्या पातळ थरात आधी वाफ भरते. तो थर हलला तरच नव्या वाफेला जागा होते. रत्नागिरीच्या बाजूला वर्षाला ३००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, आणि त्या महिन्यांत हवेतली आर्द्रता बहुतेक वेळ ८५ टक्क्यांच्या वरच असते. हवाच वाफेने भरलेली असली की कापडातलं पाणी बाहेर यायला कचरतं. म्हणून पावसाळ्यात वाळवण्याची भिस्त दोन गोष्टींवर असते: वाहता वारा आणि कापडाचा पातळपणा.

धोतराचा चौकोनी तुकडा इथेच बाजी मारतो. बाळाला बांधताना तो घडी घालून आठ पदरी होतो, म्हणजे भरपूर शोषतो. दोरीवर टाकताना एकपदरी होतो, म्हणजे पंख्याच्या वाऱ्यानेही वाळतो. शोषण्याची आणि वाळण्याची जाडी वेगवेगळी ठेवण्याची ही सोय कुठल्याच शिवलेल्या डायपरला पूर्णपणे जमलेली नाही. नाड्यांच्या त्रिकोणी लंगोटाचंही तेच, फक्त तो कमी पदरी असल्यामुळे लवकर भरतो.

आता बाजारातले प्रकार. प्रीफोल्डमध्ये मधला पट्टा आधीच शिवून जाड केलेला असतो. घडीचा त्रास वाचतो, पण दोरीवरही तो जाडच राहतो. फिटेड म्हणजे कमरेला नि मांड्यांना इलॅस्टिक, टिचबटणं आणि सगळंच कापड शोषणारं. रात्रीला उत्तम, मात्र वरून पाणी अडवणारं कव्हर लागतंच. पॉकेट डायपरला पिशवीसारखा कप्पा असतो, त्यात शोषणारा इन्सर्ट सारायचा आणि धुताना बाहेर काढायचा. ऑल-इन-वनमध्ये शोषक थर बाहेरच्या आवरणालाच शिवलेला. वापरायला हाच सगळ्यांत सोपा, पण कोकणातल्या पावसाळ्यासाठी मी तो कुणालाच सुचवणार नाही. त्याची एक बाजू पाणी अडवणारी असल्यामुळे आतली ओल एकाच बाजूने निघू शकते. भाचीचे कुबटलेले डायपर हेच होते.

पाणी अडवणाऱ्या या कापडाला पीयूएल म्हणतात. पॉलिएस्टरच्या विणीवर पॉलियुरेथेनचा पातळ पापुद्रा चिकटवलेला असतो. अशा कव्हरची कल्पना मॅरियन डोनोव्हन या अमेरिकन आईची. १९४६ च्या सुमारास तिने न्हाणीघराच्या पडद्याचं प्लास्टिक कापून पहिलं कव्हर शिवलं, पुढे पॅराशूटचं नायलॉन वापरलं आणि १९५१ मध्ये पेटंट मिळवलं. पीयूएल उकळू नये, शेगडीजवळही नेऊ नये, पापुद्रा सुटतो. सुती तुकडे मात्र खुशाल उकळावेत.

आत काय घालायचं हेही महत्त्वाचं. कापूस म्हणजे जवळजवळ शुद्ध सेल्युलोज. त्याच्या रेणूंवर पाण्याला धरून ठेवणारे हायड्रॉक्सिल गट असतात, म्हणून नुसत्या हवेतूनही तो ओल ओढतो. ६५ टक्के आर्द्रतेत कापसात सुमारे ८.५ टक्के पाणी असतं, पॉलिएस्टरमध्ये जेमतेम ०.४ टक्के. नवं सुती कापड सुरुवातीला नीट शोषत नाही, कारण तंतूंवर नैसर्गिक मेण असतं. चार-पाच धुण्यांनंतर ते जातं. जुन्या धोतराचं हे काम वर्षानुवर्षांच्या धुण्यांनी आधीच करून ठेवलेलं असतं. बांबूचं म्हणून विकतात ते बहुतेक वेळा व्हिस्कोस, म्हणजे बांबूचा लगदा रसायनात विरघळवून काढलेला धागा. तो कापसाहून जास्त शोषतो आणि म्हणूनच सावकाश वाळतो. मायक्रोफायबर म्हणजे बहुधा पॉलिएस्टरचेच अतिबारीक तंतू. ते स्वतः पाणी पीत नाहीत, पाणी त्यांच्या मधल्या फटींत अडकतं. त्यामुळे ते लवकर वाळतं, पण बाळ बसलं की दाबाने पाणी बाहेरही येतं. ते थेट कातडीला लावू नये, कातडी कोरडी पडते.

आपल्याकडची आणखी एक अडचण खोबरेल तेलाची. न्हाऊ-माखू घातलेल्या बाळाच्या अंगाचं तेल पॉलिएस्टरला घट्ट धरतं, मग तो थर पाणी आत घेतच नाही आणि लघवी बाजूने ओघळते. मॉलिशनंतरचा पहिला तासभर साधा सुती तुकडाच बांधावा. कपडे मऊ करणारं द्रव्यही असाच थर चढवतं, ते लंगोटांना लावूच नये.

ओला लंगोट तसाच राहिला तर लाल चट्टे का उठतात? शीमधले जिवाणू लघवीतल्या युरियाचा अमोनिया करतात. त्याने कातडीवरची आम्लता कमी होते, आणि मग शीमधली पाचक द्रव्यं जोर धरून कातडीलाच खायला लागतात. कापड कुठलंही असो, ओलं झालं की बदलणं हाच उपाय. शेगडीवर वेताची पाटी पालथी घालून लंगोट सुकवण्याची जुनी रीत ऊब देते खरी, पण बंद खोलीत कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नसतो. बाळ-बाळंतीण असलेल्या खोलीत हे कधीही करू नये.

खाडीकाठच्या घरांना उन्हाळ्यातही एक त्रास होतो. विहिरीचं पाणी मचूळ झालं की धुतलेल्या कापडात क्षार राहतात आणि ते हवेतली ओल ओढून घेतात. लख्ख उन्हात वाळलेला लंगोट संध्याकाळी पुन्हा गार, सादळलेला लागतो. शेवटचं पाणी तरी गोडं घ्यावं.

भाचीने पुढे मलमलीचे तीस तुकडे, सहा कव्हरं आणि रात्रीसाठी चार पॉकेट डायपर एवढ्यावर भागवलं. पिवळे डाग राहिले होते, पण ते साबणाने निघणारे नव्हतेच. तो पिवळा रंग पित्तातल्या बिलिरुबिनचा, आणि उजेडात बिलिरुबिनचा रेणू बदलतो. काविळीच्या नवजात बाळांना रुग्णालयात निळ्या प्रकाशाखाली ठेवतात ते याच गुणामुळे. नारळी पौर्णिमा उलटल्यावर पहिलं कडक ऊन पडलं, त्या दिवशी तिने सगळे तुकडे ओलेच खळ्यात पसरले. दुपारची जेवणं होईपर्यंत डाग जवळजवळ दिसेनासे झाले होते.