पवनचक्क्या ढग पळवतात का?

"पवनचक्क्यांनी ढग पळवले म्हणून आपल्याकडे पाऊस नाही" हे सांगली-सातारा-धुळे पट्ट्यात वीसेक वर्षं तरी ऐकू येतंय, अजूनही दर कोरड्या जूनमध्ये फॉरवर्ड होतं. असं वाटणं साहजिक आहे, डोंगरावर ती मोठ्ठी पाती फिरतायत, वरून ढग चाललेत आणि खाली रान कोरडं.

पण पवनचक्की म्हणजे घरातला पंखा नाही. पंखा वीज खाऊन वारा देतो, ही वारा खाऊन वीज देते, म्हणजे तिच्या मागे वारा उलट मंदावतो, मग ढकलणार कशाने? आणि उंची बघा. पात्याचं टोक जमिनीपासून शंभर-दोनशे मीटर, जोरदार पाऊस देणारा ढग तळापासून माथ्यापर्यंत कित्येक किलोमीटर उंच. पाटणजवळच्या वनकुसवडे पठारावर तर पावसाळ्यात ढग पवनचक्क्यांमध्येच उतरलेले असतात, कुठे पळत नाहीत!

मग माण-खटाव-जत कोरडे का, तर सह्याद्रीमुळे. पावसाळी वारे घाट चढतानाच बरचसं पाणी सांडतात, पलीकडे उरतं थोडं. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि माणमध्ये त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास, एकाच जिल्ह्यात.

तपासायचं असेल तर तहसीलमधून तालुक्याच्या पावसाचे जुने आकडे मागा, पवनचक्क्या यायच्या आधीचे आणि नंतरचे शेजारी मांडा. किंवा घरातल्या म्हाताऱ्यांना 1972 चा दुष्काळ विचारा, तेव्हा डोंगरावर एकही पवनचक्की नव्हती.

जमिनीचे व्यवहार, आवाज, रस्त्यांसाठी फोडलेले डोंगर याबद्दल तक्रार असेल तर ती जरूर करा, तो वेगळा विषय आहे.