पुटकुळ्यांतील जिवाणू आणि निळा प्रकाश

तारुण्यपीटिकांमध्ये वाढणारा ‘क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस’ हा जिवाणू स्वतःच्या नाशाची सोय स्वतःच करून ठेवतो. त्वचेच्या तैलग्रंथींजवळ राहताना तो पॉर्फिरिन नावाची रंगद्रव्ये तयार करतो, आणि अंधाऱ्या खोलीत वूड्स लॅम्पचा अतिनील प्रकाश चेहऱ्यावर धरला की नाकाच्या कडेला व हनुवटीवर ती नारिंगी-तांबड्या ठिपक्यांच्या रूपात चमकू लागतात. सुमारे ४१५ नॅनोमीटर तरंगलांबीचा निळा प्रकाश ही द्रव्ये विशेष शोषतात व ती ऊर्जा शेजारच्या ऑक्सिजनला देतात. त्यातून निर्माण होणारा ‘सिंगलेट ऑक्सिजन’ (ऑक्सिजनचे अतिक्रियाशील रूप) अत्यल्पायुषी असल्याने दूर जात नाही. जिथे निर्माण होतो तिथेच जिवाणूचे पटल आणि प्रथिने जाळतो. क्लिंडामायसिनसारखे प्रतिजैविक एकाच ठिकाणी नेम धरते, म्हणून जिवाणू त्याला सरावतो. चहूबाजूंनी होणाऱ्या या माऱ्याला सरावणे मात्र कठीण असते.

जिवाणूचे स्वतःचे रंगद्रव्य अपुरे पडते तेव्हा डॉक्टर ॲमिनोलेव्ह्युलिनिक आम्ल लावतात. ते स्वतः प्रकाशाला दाद देत नाही, पण त्वचेच्या पेशी त्यापासून प्रोटोपॉर्फिरिन बनवतात आणि मग अधिक खोल शिरणारा, सुमारे ६३० नॅनोमीटरचा तांबडा प्रकाश वापरता येतो. रंगद्रव्य आणि प्रकाश यांचा हा संयुक्त घातक परिणाम म्युनिकमध्ये वैद्यकीय विद्यार्थी ऑस्कर राब यांना १९०० च्या सुमारास पॅरामिशियम या एकपेशीय जिवावर प्रयोग करताना दिसला होता.

विदर्भात खरी अडचण उपचारानंतर सुरू होते. हे आम्ल लावल्यावर सुमारे ४८ तास तीव्र उजेड टाळावा लागतो, आणि साध्या सनस्क्रीनने दृश्य प्रकाश अडत नाही. त्यामुळे ज्या मुलीला दुसऱ्याच दिवशी कापूस वेचायला वावरात जायचे आहे, तिने तोंडाला दुपट्टा गुंडाळला तरी चेहरा भाजण्याचा धोका उरतोच. सावळ्या त्वचेवर नंतर काळे डागही राहू शकतात. वेचणीच्या हंगामात हा उपचार घेऊ नये, हे माझे स्पष्ट मत आहे.

घरगुती उपायांत राहता राहिली हळद. वर्धा जिल्ह्यातील वायगावच्या हळदीचा अभिमान रास्तच आहे, आणि हळदीतील कर्क्युमिन निळ्या प्रकाशात जिवाणू मारते, हेही प्रयोगशाळेत दिसले आहे. परंतु कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही आणि उजेडात स्वतःच विघटित होते, त्यामुळे हळदीचा लेप लावून उन्हात बसल्याने ते रंध्राच्या तळाशी पोहोचत नाही. ऊन तेवढे लागते.