व्हील स्पेसरचा वाद कुठून आला: फोर-बाय-फोरच्या रुंद होत गेलेल्या चाकांची पार्श्वभूमी

फोर-बाय-फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनाची ताकद मिळणाऱ्या गाड्यांची चाके बाहेर सरकवणारे स्पेसर सुरक्षित आहेत का, यावर मालकांत नेहमी भांडणे होतात. 1948 च्या पहिल्या लँड रोव्हरचा ट्रॅक, म्हणजे डाव्या आणि उजव्या चाकांच्या मध्यरेषांमधले अंतर, 50 इंच होते. 1958 च्या सिरीज टूमध्ये ते दीड इंचाने वाढले. 1970 ची रेंज रोव्हर 58.5 इंचांवर गेली आणि 1983 च्या लँड रोव्हर वन टेननेही तोच ट्रॅक घेतला. वन टेनची बॉडी मात्र जुन्याच रुंदीची राहिली, म्हणून चाकांवर प्लॅस्टिकच्या कमानी लावून बाहेर आलेले टायर झाकावे लागले. जीपनेही 1982 मध्ये सीजे मॉडेलना जास्त रुंद अ‍ॅक्सल दिले. उंच आणि अरुंद गाडी आडव्या उतारावर लवकर कलंडते, हे कारखान्यांना मालकांच्या आधीच कळले होते.

मालकांची अडचण पुढे सुरू झाली. मोठे टायर घातले की स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर ते चासीला किंवा स्प्रिंगला घासतात. नवा अ‍ॅक्सल महाग पडतो. मग दोन मार्ग उरतात: कमी ऑफसेटची रिम, नाहीतर हब, म्हणजे अ‍ॅक्सलच्या टोकाचा चाक बसते तो भाग, आणि रिम यांच्यामध्ये घालायची धातूची चकती. ऑफसेट म्हणजे रिमची मध्यरेषा आणि रिम हबला टेकते ती जागा यांमधले अंतर; ते कमी केले की चाक बाहेर सरकते. ही चकती म्हणजे स्पेसर. तिच्यावरची जवळजवळ सगळी भांडणे दोन वेगळे प्रश्न एकत्र केल्यामुळे होतात. एक प्रश्न भूमितीचा आहे, म्हणजे चाक किती बाहेर गेले याचा; दुसरा चाक आणि हब यांच्या जोडाचा.

भूमितीच्या बाबतीत 30 मिमीचा स्पेसर आणि 30 मिमी कमी ऑफसेटची रिम यांत काहीच फरक नाही. चाकावर 700 किलो भार असेल तर बेअरिंगवर सुमारे 206 न्यूटन-मीटर जादा वाकवणारा जोर येतो, मग चाक कशानेही बाहेर सरकलेले असो. हा आकडा उभ्या गाडीचा आहे. खड्ड्यात आदळताना तो कितीतरी पट होतो. टायर जमिनीला टेकतो ती जागा स्टिअरिंगच्या वळणाच्या अक्षापासून लांब जाते, त्यामुळे दगडावर चढताना स्टिअरिंग हाताला झटके देते आणि एक चाक खडीवर असताना ब्रेक लावला तर गाडी एका बाजूला ओढते. ‘स्पेसरने बेअरिंग जातात’ हे म्हणणे खरे आहे, पण कमी ऑफसेटची रिम लावणाऱ्याने ते दुसऱ्याला ऐकवू नये.

स्पेसरचा खास धोका जोडात आहे. चाकाचे वजन स्टड, म्हणजे हबमधून बाहेर आलेले आट्यांचे बोल्ट, पेलतात असा सर्रास समज असतो. प्रत्यक्षात स्टड फक्त ताणलेले असतात आणि त्या ताणाने रिम हबवर दाबली जाते. चाक जागेवर धरते ते दोन पृष्ठभागांमधले घर्षण. एम12 चा, म्हणजे 12 मिमी जाडीच्या स्टडचा नट 110 न्यूटन-मीटर टॉर्कने, म्हणजे पिळाच्या जोराने, आवळला की एका स्टडमध्ये साधारण 45 किलोन्यूटन ताण येतो. सहा स्टडचे घर्षण मिळून 4 टनांच्या आसपासचा आडवा जोर थोपवते. हा ताण गेला की चाक सूक्ष्मपणे सरकू लागते, स्टड पुढेमागे वाकतो आणि थकून मुळाशी तुटतो.

एवढ्या ताणाने स्टड किती लांबतो? 0.05 ते 0.08 मिमी. पावडर कोटिंगचा थर 0.06 ते 0.1 मिमी असतो. म्हणजे हबवर राहिलेला रंग किंवा गंजाचा पापुद्रा चालत्या गाडीत दबून निघाला, तर नट जराही न फिरता जवळजवळ सगळा ताण निघून जाऊ शकतो. वायर ब्रशने हब लख्ख करणे ही या कामातली सर्वांत महत्त्वाची पायरी आहे. आट्यांना ग्रीस लावू नये. ग्रीसने आट्यांतले घर्षण कमी होते आणि त्याच टॉर्कला स्टड गरजेपेक्षा खूप जास्त ताणला जातो.

नुसती मधे सरकवायची पातळ चकती मूळ स्टडवर घातली तर आटे कमी पडतात. एम12 गुणिले 1.5 च्या, म्हणजे दर फेऱ्याला 1.5 मिमी पुढे सरकणाऱ्या नटाने किमान 12 मिमी, म्हणजे 8 फेरे आटे धरायला हवेत. 5 मिमीची चकती त्यातले तीनहून अधिक फेरे खाते. लांब स्टड बसवले तर हा आक्षेप उरत नाही. बोल्टने बसणाऱ्या जाड स्पेसरला स्वतःचे स्टड असतात, पण सहा स्टडच्या गाडीत प्रत्येक चाकाला सहाऐवजी बारा नट होतात आणि आतले सहा चाक काढल्याशिवाय दिसतच नाहीत. जाडी 25 मिमीपेक्षा कमी असेल तर मूळ स्टडची टोके बहुधा बाहेर डोकावतात. रिमच्या मागे त्यांना खोबणी नसेल तर रिम टेकते ती स्टडच्या टोकांवर. स्पेसरचे मधले भोक हबच्या कडेवर घट्ट बसणारे हवे आणि बाहेरच्या अंगाला रिमसाठी तशीच कड हवी. पहिल्या 50 ते 100 किलोमीटरनंतर चाके उतरवून आतले नटही टॉर्क पान्याने पुन्हा तपासावेत, इम्पॅक्ट गनने नव्हे.

कायद्यांनी या दोन प्रश्नांची उत्तरे वेगवेगळी दिली आहेत. जर्मनीत सुटा भाग तपासतात: चाचणी-प्रमाणपत्र असलेला स्पेसर बसवून, तपासनिसाकडून पास करून कागदपत्रांत नोंदवला तर चालतो, नाहीतर गाडीची परवानगीच रद्द होऊ शकते. ऑस्ट्रेलियाच्या व्हीएसबी 14 या, गाड्यांत करायच्या बदलांच्या संहितेने जोडावरच विश्वास ठेवला नाही. कारखान्यातूनच आलेला नसेल तर स्पेसर लावता येत नाही. ट्रॅक मात्र रिमच्या ऑफसेटने वाढवता येतो: प्रवासी गाडीला 25 मिमी, पुढेमागे अखंड अ‍ॅक्सल, म्हणजे दोन्ही चाकांना जोडणारा एकसंध दांडा, असलेल्या ऑफ-रोड गाडीला 50 मिमी, तेही टायर बॉडीबाहेर न येता. नीट बसवलेल्या चांगल्या स्पेसरवर यात अन्याय होतो हे खरे, पण रस्त्यावरच्या तपासनिसाला आतले नट दिसत नाहीत आणि नियम त्याच्यासाठीही लिहावा लागतो.

याच नियमात टोयोटाची लँड क्रूझर 70 अडकली. 2007 मध्ये व्ही8 इंजिन मावावे म्हणून पुढची चासी रुंद झाली आणि पुढचा ट्रॅकही वाढला; मागचा अ‍ॅक्सल तसाच राहिला. या मालिकेतल्या 79 पिकअपमध्ये हा फरक सुमारे 95 मिमी आहे. वाळूत मागची चाके पुढच्यांच्या चाकोरीत न पडता आपली नवी चाकोरी पाडतात आणि गाडी जड चालते. तो फरक भरायला मागे दोन्ही बाजूंना साधारण 47 मिमीचे स्पेसर लागतील. ते स्पेसर म्हणून तर निषिद्ध आहेतच, शिवाय 50 मिमीची मर्यादाही जवळजवळ दुपटीने ओलांडतात. रिमच्या ऑफसेटने फार तर निम्मा फरक भरून निघतो. म्हणून तिथे मागचे अ‍ॅक्सल हाउसिंग, म्हणजे अ‍ॅक्सलचे बाहेरचे आवरण, आणि आतले शाफ्टच लांब करून घेतात आणि अभियंत्याच्या प्रमाणपत्रासह तो बदल नोंदवतात.