जुनी कॅमेरा-भिंगे : ओळख व तुलना (नाशिक परिसर)

सुमारे १९३५ ते १९७० या काळातील फिल्म कॅमेऱ्यांची भिंगे. नाशिकमध्ये ती दोन रूपांत आढळतात : लग्नकार्याची छायाचित्रे १२० रोलवर टिपणाऱ्या जुन्या स्टुडिओंचे रोलीफ्लेक्स, याशिका असे दुहेरी भिंगांचे कॅमेरे, आणि ३५ मिमी कॅमेऱ्यांची सुटी भिंगे. दादासाहेब फाळके यांच्यामुळे नाशिकचे नाव चित्रपटाशी जोडले गेले असले, तरी चित्रपट कॅमेऱ्यांची भिंगे या नोंदीत घेतलेली नाहीत.

ओळखीसाठी भिंगाच्या कड्यावरचे नाव प्रथम वाचले जाते. ते एकटे पुरेसे नसते. महायुद्धानंतर झाइस कंपनी पूर्व व पश्चिम जर्मनीत विभागली गेली. नावाच्या वादामुळे पूर्व जर्मनीतील येना येथील काही निर्यात भिंगांवर ‘टेसार’ (झाइसचे चार काचांचे भिंग) या नावाऐवजी नुसते ‘टी’ कोरलेले असते, तर जुन्या भिंगांवरील लाल ‘टी’ हे परावर्तनरोधी लेपाचे चिन्ह आहे (स्माकुला यांचे पेटंट, १९३५). सोव्हिएत भिंगांच्या क्रमांकातील पहिले दोन अंक बहुधा निर्मितीवर्ष दर्शवतात. पण हा नियम सर्व कारखान्यांना सरसकट लावू नये. भिंग कॅमेऱ्यावर बसवण्याच्या आट्यांबाबतही सावध राहावे. लायका (जर्मन) व आरंभीचे झेनिट (सोव्हिएत) या दोन्ही कॅमेऱ्यांचा आटा ३९ मिमी व्यासाचा असला, तरी बैठकीपासून फिल्मपर्यंतचे अंतर अनुक्रमे २८.८ व सुमारे ४५.२ मिमी आहे. त्यामुळे झेनिटचे भिंग लायकावर चढते, पण चित्र स्पष्ट होत नाही.

टेसारच्या (पाउल रुडोल्फ, १९०२) उगमाविषयी मतभेद आहेत. टेलर यांच्या १८९३ च्या कुक ट्रिप्लेट या तीन सुट्या काचांच्या भिंगातील मागचे एकेरी भिंग काढून तेथे चिकटवलेली जोडी बसवली, की टेसार होते, असे अनेक हस्तपुस्तिका सांगतात. आकृत्या शेजारी ठेवल्या तर हे सहज पटते. परंतु रुडोल्फ यांच्या स्वतःच्या रचनांचा क्रम पाहता, पुढचा भाग उनार (१८९९) व मागची जोडी प्रोटार (१८९०) यांवरून आली, हे मत अधिक ग्राह्य वाटते. साम्य म्हणजे वंश नव्हे. शनायडरचे झेनार व सोव्हिएत इंडस्टार ही मात्र उघडपणे टेसारच्या घराण्यातील आहेत. लाइट्झच्या एल्मारमध्येही तीच मांडणी दिसते. फरक इतकाच की त्याची छिद्रपाती (छिद्र लहान-मोठे करणारी पाती) पहिल्या भिंगामागे असतात.

रचना ओळखण्याची खात्रीची रीत म्हणजे परावर्तने मोजणे. छिद्र पूर्ण उघडून भिंगात बारीक बत्ती दाखवली, की हवा-काच अशा प्रत्येक पृष्ठाचा ठळक ठिपका आणि चिकटवलेल्या सांध्याचा अंधूक ठिपका दिसतो. ट्रिप्लेटमध्ये सहा ठळक. टेसारमध्ये सहा ठळक व एक अंधूक. झाइसच्या ५० मिमी एफ/२ (एफ म्हणजे छिद्राचे माप) सोनारमध्ये (व त्यावरून बनलेल्या सोव्हिएत ज्युपिटर-८ मध्ये) सहा ठळक व तीन अंधूक. झाइसच्या बायोटार ५८ मिमी व सोव्हिएत हेलिओस-४४ मध्ये आठ ठळक व दोन अंधूक. कड्यावर काहीही कोरलेले असो, हा हिशेब बदलत नाही.

तुलना करताना तिपाई, छिद्र व फिल्म एकच ठेवावी. काळाराम मंदिराचा काळा दगड (तो रामशेजचा असल्याचे सांगतात) आणि त्यामागचे उजळ आकाश एका चौकटीत घेतले, की कमी पृष्ठांच्या सोनारमध्ये दगडाचा काळेपणा टिकतो. लेप नसलेल्या वा झिजलेल्या बायोटारमध्ये तो राखाडी होतो. बायोटार घराण्याची गोल फिरणारी पार्श्वभूमी मात्र अनेकांना प्रिय आहे, आणि ती आवड रास्त आहे.

पेंटॅक्सच्या सुपर-टाकुमार ५० मिमी एफ/१.४ च्या सात काचांच्या आवृत्तीतील थोरियमयुक्त काच काळानुसार पिवळी पडते. काही दिवस उन्हात ठेवल्यास पिवळेपणा बराच उतरतो. नाशिकच्या पावसाळ्यात अधिक भय बुरशीचे. तिचे तंतू वेळीच न पुसल्यास लेप कायमचा खरवडला जातो. मूळ चामडी पेटी ओल धरते, म्हणून ती भिंगापासून वेगळी ठेवावी.