नामशेष मानलेल्या प्राण्यांचा पुनर्शोध

एखाद्या जातीचा प्राणी दीर्घकाळ कोणाच्याही नजरेस पडत नाही, ती जात पृथ्वीवरून नाहीशी झाली असे अभ्यासक मानू लागतात आणि त्यानंतर तिचा जिवंत प्राणी पुराव्यानिशी सापडतो, तेव्हा त्या घटनेला पुनर्शोध म्हणतात. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक आढाव्यानुसार त्याआधीच्या १२२ वर्षांत उभयचर, पक्षी व सस्तन प्राणी मिळून किमान ३५१ जातींचा असा पुनर्शोध लागला. या जाती सरासरी ६१ वर्षे बेपत्ता होत्या आणि त्यांतील बहुसंख्य उष्ण कटिबंधातील होत्या. सह्याद्री याच पट्ट्यात येतो, त्यामुळे सातारा व सांगली जिल्ह्यांच्या निसर्गअभ्यासाला हा विषय दूरचा नाही.

पुनर्शोध या नावाखाली बऱ्याच वेळा वेगवेगळ्या गोष्टींची गल्लत होते. सीलॅकँथ हा मासा केवळ जीवाश्मांवरून ठाऊक होता आणि तो सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी संपला असे समजले जाई. डिसेंबर १९३८ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ तो जाळ्यात आला आणि संग्रहालयात काम करणाऱ्या मार्जोरी कोर्टनी-लॅटिमर यांनी तो ओळखून जपला. असा प्रकार फार विरळा. बहुतेक पुनर्शोध हे शे-दीडशे वर्षांपूर्वी वर्णन झालेल्या आणि नंतर न दिसलेल्या जातींचे असतात. याउलट, एखाद्या भागातून संपलेला प्राणी दुसरीकडून आणून सोडणे हा पुनर्शोध नव्हे. २०२२ मध्ये नामिबियातून कुनो येथे आणलेले चित्ते किंवा सांगली जिल्ह्यातील सागरेश्वर अभयारण्यात माणसांनी उभ्या केलेल्या वनात सोडलेली हरणे यांची गणना त्यात होत नाही.

प्राणी न दिसण्याचे कारण दर वेळी तो नसणे हेच असते असे नाही. शोध चुकीच्या ऋतूत, चुकीच्या प्रहरी किंवा चुकीच्या जागी झालेला असतो, आणि या लेखकाच्या मते पुनर्शोधांच्या इतिहासातून शिकण्याजोगी मुख्य गोष्ट हीच आहे. महाराष्ट्रातील रानपिंगळ्याची हकीकत या दृष्टीने सविस्तर पाहण्यासारखी आहे. पक्षिअभ्यासक ॲलन ह्यूम यांनी १८७३ मध्ये या लहान घुबडाचे वर्णन केले. पुढील दशकभरात त्याचे मोजकेच नमुने जमले आणि जेम्स डेव्हिडसन यांनी १८८४ मध्ये खानदेशात मिळवलेला नमुना अखेरचा ठरला. मात्र रिचर्ड माइनर्ट्झहागेन या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याच्या संग्रहात, १९१४ मध्ये गुजरातेत मिळवल्याचे लेबल असलेला आणखी एक नमुना होता. त्या लेबलावर विश्वास ठेवून नंतरच्या शोधमोहिमा भलत्याच ठिकाणी गेल्या आणि रिकाम्या हाती परतल्या. पक्षिशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी तो नमुना बारकाईने तपासला, तेव्हा तो संग्रहालयातून चोरलेला डेव्हिडसन यांचाच जुना नमुना असून पुन्हा भरून व नवे लेबल लावून खपवला गेल्याचे उघड झाले. खोटे ठिकाण बाजूला सारून रासमुसेन, बेन किंग व डेव्हिड ॲबट हे जुन्या, खऱ्या नोंदींच्या प्रदेशात फिरले आणि २५ नोव्हेंबर १९९७ रोजी शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी त्यांना जिवंत रानपिंगळा दिसला. मधल्या काळात ११३ वर्षे उलटली होती.

सातारा-सांगलीच्या गावकुसात वडापिंपळाच्या ढोलीत राहणारा साधा पिंगळा सर्वांच्या ओळखीचा आहे. त्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके दाट असतात. रानपिंगळ्याचे डोके जवळजवळ बिनठिपक्यांचे असते, पंखांवर व शेपटीवर रुंद पट्टे असतात, पाय दणकट असतात, आणि तो सकाळच्या उन्हात उघड्या फांदीवर बसून शेपटी झटकताना आढळतो. पुनर्शोधानंतर मेळघाट, यावल व तानसा येथेही त्याच्या नोंदी झाल्या. काय शोधायचे आणि कोठे शोधायचे हे एकदा नक्की झाल्यावर तो दिसू लागला, ही बाब लक्षात घेण्याजोगी आहे.

जेर्डनचा धाविक या पक्ष्याच्या बाबतीत प्रहर चुकला होता. १८४८ मध्ये वर्णन झालेला आणि १९०० नंतर न दिसलेला हा पक्षी निशाचर आहे. त्याचा शोध मात्र दिवसा घेतला जात असे. जानेवारी १९८६ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे भारत भूषण यांच्या शोधकार्यात तो आंध्र प्रदेशातील कडप्पा जिल्ह्यात मिळाला, आणि त्याला रात्री विजेरीच्या उजेडात पकडणारा पक्षी धरण्यात तरबेज असा स्थानिक माणूस होता. स्थानिकांच्या माहितीला शास्त्रीय मोहिमेत पहिले स्थान द्यावे, याचा याहून सबळ पुरावा शोधण्याची गरज नाही.

ऋतूचे महत्त्व सातारा जिल्ह्याच्या पश्चिमेकडील सड्यांवर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या सपाट कातळांवर, जितके कळते तितके क्वचितच कोठे कळेल. कास किंवा चाळकेवाडीचा जांभ्या दगडाचा सडा एप्रिल-मेमध्ये पाहणाऱ्याला तेथे तापलेला कातळ, करपलेले गवत आणि पवनचक्क्या यांपलीकडे फारसे काही दिसत नाही. पहिले दोन-तीन पाऊस झाले की खडकावरच्या उथळ खळग्यांत पाणी साचते, बेडकांचे आवाज सुरू होतात, आणि सुटा दगड अलगद उचलला तर खाली अंग चपटे करून बसलेली पाल दिसते. चाळकेवाडी परिसरातील अशा पालीची एक स्वतंत्र जात साताऱ्याच्या नावाने २००८ मध्ये शास्त्राला ज्ञात झाली. कोयना परिसरातील भेकाची एक जात १९६३ मध्ये, तर हुंबरळी येथील देवगांडुळाची एक जात २००४ मध्ये वर्णिली गेली. देवगांडूळ हा पाय नसलेला, मातीखाली राहणारा उभयचर असून तो वरून चालत जाणाऱ्याला दिसण्याची शक्यता नसतेच. ज्या भूमीत एकविसाव्या शतकातही पहिल्याने नाव मिळणारे प्राणी निघतात, तेथे दोन हिवाळी फेऱ्यांच्या बळावर एखादी जात संपली असे म्हणणे धाडसाचे आहे. उभयचरांबाबत हे देशभर दिसून आले. नोव्हेंबर २०१० मध्ये उभयचरांचे अभ्यासक एस. डी. बिजू यांच्या पुढाकाराने हरवलेल्या भारतीय उभयचरांची शोधमोहीम सुरू झाली आणि काही महिन्यांतच पाच जाती पुन्हा मिळाल्याचे जाहीर झाले. त्यांतील पश्चिम घाटातील एक झाडबेडूक १३६ वर्षांनी सापडला होता.

सांगली जिल्ह्यातील चांदोलीचा वाघ हे याला लागूनचे, पण वेगळे प्रकरण आहे, कारण वाघ ही जात कधी नामशेष झालेली नव्हती. प्रश्न होता तो या भागातील तिच्या अस्तित्वाचा. चांदोली राष्ट्रीय उद्यान व कोयना अभयारण्य मिळून २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प घोषित झाला, तेव्हा वाघाची माहिती मुख्यतः ठसे व विष्ठा यांवरूनच मिळत होती. मे २०१८ मध्ये स्वयंचलित कॅमेऱ्यात वाघाचे छायाचित्र आले, आणि डिसेंबर २०२३ मध्ये पुन्हा एका नराची नोंद झाली. कराड, पाटण, शिराळा भागातील उसाच्या फडांत बिबट्या वरचेवर आढळतो आणि त्याच्याविषयीही वाघ आल्याची वर्दी गावोगाव पसरते, म्हणून येथे छायाचित्राला विशेष मोल आहे. वाघाच्या अंगावरील पट्ट्यांची रचना प्रत्येक प्राण्यागणिक वेगळी असल्याने एकाच छायाचित्रावरून जात आणि तो विशिष्ट प्राणी या दोन्ही गोष्टी निश्चित करता येतात.

पुराव्याचा हा आग्रह सर्वत्र असतो. छायाचित्र, ध्वनिमुद्रण, पीस किंवा विष्ठेतील डीएनए यांपैकी काहीतरी तपासता येण्याजोगे लागते. टास्मानियातील अखेरचा ज्ञात थायलसीन (पाठीवर पट्टे असलेला मांसाहारी प्राणी) ७ सप्टेंबर १९३६ रोजी पिंजऱ्यात मेला. त्यानंतर तो पाहिल्याचे दावे अनेक झाले, पण एकही सिद्ध झालेला नाही. दुसऱ्या बाजूने, नामशेष ठरवण्याची कसोटीही आता कडक आहे. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या निकषानुसार अखेरचा प्राणी मेल्याबद्दल वाजवी शंका उरता कामा नये आणि त्यासाठी त्या जातीच्या संपूर्ण ज्ञात प्रदेशात, तिच्या जीवनक्रमाला साजेशा काळी कसून शोध झालेला असावा लागतो. घाईने दिलेला निर्णय घातक ठरतो. फिलिपिन्समधील सेबू बेटावरचे जंगल जवळजवळ संपले म्हणून तेथील फुलटोच्या हा छोटा पक्षी संपला असे गृहीत धरले गेले आणि उरलेल्या तुकड्यांच्या रक्षणाकडे दुर्लक्ष झाले. १९९२ मध्ये तो पक्षी अशाच एका छोट्या तुकड्यात जिवंत आढळला.

पुन्हा सापडलेली जात बहुधा अगदी थोड्या संख्येने आणि चिंचोळ्या जागेत उरलेली असते, त्यामुळे खरे काम तेथून सुरू होते. न्यूझीलंडचा उडू न शकणारा टाकाहे पक्षी १९४८ मध्ये जेफ्री ऑर्बेल यांना सापडला आणि दीर्घ संरक्षणानंतर त्याची संख्या आता सुमारे ५०० झाली आहे. लॉर्ड हाऊ बेटावरील काडीकिडा १९१८ मध्ये जहाजातून आलेल्या उंदरांमुळे संपला असे मानले जात होते. २००१ मध्ये तो जवळच्या बॉल्स पिरॅमिड या समुद्रातील सुळक्यावर, एका झुडपाच्या आधाराने जगताना मिळाला आणि पुढे त्याची पैदास प्राणिसंग्रहालयात करण्यात आली. जेर्डनच्या धाविकासाठी तेलुगू गंगा कालव्याचा मार्ग बदलावा लागला. रानपिंगळ्याची नवी ठिकाणे मिळाल्यामुळे २०१८ मध्ये त्याला ‘अतिसंकटग्रस्त’ वर्गातून ‘संकटग्रस्त’ वर्गात आणले गेले. १८७६ नंतर खात्रीने न दिसलेला हिमालयी लावा हा पक्षी आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धानंतर न आढळलेले गुलाबी डोक्याचे बदक यांना मात्र अद्याप नामशेष जाहीर केलेले नाही, आणि त्यांचा शोध चालू आहे.